डावीकडून येणारी घार

नाना, तो रिव्ह्यू अजून तसाच आहे.

आपल्या चॅनलवर, बकरीच्या गेमच्या व्हिडिओत, सहाव्या मिनिटाला तुम्ही म्हणता, "डावीकडून घार येते ती दिसतच नाही. हा डिफेक्ट आहे. माल रिवर्कला पाठवा." त्यावर माझा आवाज येतो, "नाना म्हणतायत ते बरोबर आहे. डावीकडची घार आभाळाच्या रंगात मिसळून जाते." ती मिसळून जात नव्हती, नाना. मी तुमच्या शेजारी बसले होते आणि मला ती दिसत होती.

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. जळगावकडची मंडळी परत गेली. महेश कामावर जायला लागला. माझी शाळा सुरू झाली, सहावीच्या पोरांना मी पुन्हा कॉम्प्युटर शिकवते आहे. दुपारी सामरवरणीच्या या फ्लॅटमध्ये मी आणि आई दोघीच असतो. दोन खोल्यांत दोघी. इरा शाळेतून येईपर्यंत घरात भांड्यांशिवाय कसला आवाज होत नाही.

लोकांना वाटतं गेमचा हा उद्योग माझा. व्हिडिओत मी बोलते, लिहिते मी, कॅमेरा मी लावते. सुरुवात तुमची होती, हे फक्त घरच्यांना ठाऊक. महेशशी लग्न होऊन मी नाशिकहून सिल्वासाला आले तेव्हा माळ्यावर एक पिवळा पडलेला टीव्ही गेम होता आणि त्याच्या सात-आठ कॅसेट. महेश पाचवीत असताना तुम्ही तो आणला होता. आई सांगायच्या, "आणला पोरासाठी, पण पोराचा नंबर यांचा झाल्यावर." सायली गावातल्या धाग्याच्या फॅक्टरीतून शिफ्ट संपवून यायचं, हातपाय धुवायच्या आधी कॅसेट लावायची. आई चहा घेऊन उभ्या.

तुम्ही रिटायर झालात त्या वर्षी महेशने नवा कन्सोल घेतला. तो गाड्यांच्या शर्यती खेळायचा आणि तुम्ही पेपरमागे. मग एका रविवारी मी सहज एक जुन्या धाटणीचा गेम लावला. चौकोनी चौकोनी चित्रं, डब्यावर वाजवल्यासारखं संगीत. पेपर खाली आला.

"हे तर आपलंच आहे."

"नाही नाना, नवीन आहे. मुद्दाम जुन्यासारखं बनवतात."

"मुद्दाम? एवढं भारी मशीन घ्यायचं आणि त्यावर जुनं खेळायचं? मग यात नवीन काय?"

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "शोध मग." मी शोधलं. जुन्या गेममध्ये उडी मारून खड्ड्यात पडलं की संपलं, यात कडेला पाय लागला तर पात्र स्वतःला सावरून घेतं. जुन्यात एक जण खेळायचा आणि बाकीचे बघायचे, यात चौघं खेळतात. हे सगळं मी तुम्हाला संध्याकाळी सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, "हे लिहून काढ. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना दुकानात कोणी सांगत नाही."

असं ते सुरू झालं. मराठीतून, घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळायच्या गेमचं परीक्षण. इरा आठ वर्षांची, तुम्ही सदुसष्टचे. दोघांना खेळता आलं तर गेम घरात आणायचा, नाहीतर नाही. मी पाचपैकी तारे द्यायचे, तुम्हाला तारे पसंत नव्हते. "साडेतीन तारे म्हणजे काय वं? घ्यायचा की नाही घ्यायचा?" तीस वर्षं तुम्ही धाग्याचे कोन, म्हणजे धागा गुंडाळलेले शंकू, तपासलेत. दिव्याखाली कोन फिरवायचा आणि डाग, तुटका तंतू, सैल पडलेला धागा नजरेने टिपायचा. तुमच्याकडे तीनच शब्द होते. पास, रिवर्क, रिजेक्ट. शेवटी मी पडद्यावर तारे लावायचे आणि तुम्ही त्यावर तोंडी शिक्का मारायचा. लोक तारे विसरायचे आणि शिक्का लक्षात ठेवायचे.

तीन जीवांवरून आपलं भांडण कधी मिटलंच नाही. मी म्हणायचे, घरच्यांच्या गेममध्ये हवे तितके जीव असावेत, लहान मूल पुन्हा पुन्हा मरून रडतं. तुम्ही म्हणायचात, "तीन म्हणजे तीन. हरायची भीतीच नसेल तर पोरगी टीव्हीकडे बघेल कशाला?" मी तुम्हाला जुनाट म्हणायचे, तुम्ही मला मास्तरीण. एकदा यावर आपण कॅमेरा चालू असताना वीस मिनिटं भांडलो आणि तोच आपला सर्वांत जास्त बघितलेला व्हिडिओ ठरला.

गणपतीत पाहुणे आले होते, तेव्हा कोणीतरी हसून म्हणालं, "सून दिवसभर गेम खेळते म्हणे." मी स्वयंपाकघरात होते. तुम्ही बाहेर म्हणालात, "खेळत नाही, इन्स्पेक्शन करते. लोकांच्या घरात काय जावं आणि काय जाऊ नये ते बघते." मी तुम्हाला त्याबद्दल कधी काहीच म्हटलं नाही. चहात साखर थोडी जास्त घातली, एवढंच.

मग बकरीचा गेम आला. दूर कुठल्यातरी थंड देशातल्या दोन बहिणींनी तो बनवला होता. पाठीवर टपालाची पिशवी घेऊन डोंगर चढणारी बकरी आणि पत्रं पळवायला झेप घेणाऱ्या घारी. दुसरा खेळाडू घंटा वाजवून घारी उडवतो. इराला घंटा, तुम्हाला बकरी. पहिल्या रविवारी तुम्ही खूश होतात. दुसऱ्या रविवारी रेकॉर्डिंगला बसलो आणि तुम्ही तिसऱ्याच टप्प्यावर अडकलात. घार डावीकडून आली की पत्र गेलं. पुन्हा आली, पुन्हा गेलं.

"दिसून नाही राहिली," तुम्ही म्हणालात. "उजवीकडची दिसते. डावीकडची आभाळाच्या रंगाची केलीये."

मी पडद्याकडे बघितलं. घार तपकिरी होती, आभाळ निळं. एक क्षण वाटलं, सांगावं. मग वाटलं, आपल्याला काय कळतं? फॅक्टरीत सगळ्यांनी पास केलेल्या कोनवर तुम्ही बोट ठेवायचात आणि दिव्याखाली नेल्यावर तिथे डाग निघायचा. हे मी महेशकडून ऐकलं होतं, आईंकडून ऐकलं होतं, तुमच्या निरोप समारंभात मॅनेजरच्या तोंडून ऐकलं होतं. तुम्हाला दोष दिसला म्हणजे दोष असणार, माझी नजर कच्ची. मी कॅमेऱ्याकडे बघून ते वाक्य बोलले. दोन तारे कापले. तुम्ही शिक्का मारलात, रिवर्क.

आठवडाभराने त्या बहिणींचा मेल आला. कोणीतरी त्यांना आपला व्हिडिओ भाषांतर करून दाखवला होता. मी तो तुम्हाला वाचून दाखवला. त्यांनी लिहिलं होतं, की आम्ही खूप मुलांना खेळायला दिलं, डावीकडच्या घारीबद्दल कोणी बोललं नाही. पण आजोबांना दिसत नसेल तर आणखी कोणाला दिसत नसेल. आम्ही घारीभोवती पांढरी किनार काढतो आहोत.

तुम्ही उठून उभे राहिलात. "बघ! दोन पोरी, कुठल्या कुठे बसल्यात. म्हाताऱ्याचं ऐकलं त्यांनी." तुम्ही महेशला फोन केलात, जळगावला फोन केलात. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकांनाही जाऊन सांगितलंत. त्या आठवड्यात दारातून बाहेर पडताना तुमचा डावा खांदा दोनदा चौकटीवर आपटला. आई ओरडल्या, "आनंदात आंधळे झालात का?" आपण सगळे हसलो होतो, नाना. तुम्हीसुद्धा.

अपडेट आल्यावर रविवारी सकाळी मी पुन्हा कॅमेरा लावला. दुरुस्त मालाची फेरतपासणी, असं तुम्हीच कॅमेऱ्यासमोर म्हणालात. घारींना जाड पांढरी किनार होती, पलीकडच्या सोफ्यावरूनही दिसेल अशी. खेळ सुरू झाला आणि पहिली घार डावीकडून आली. पत्र गेलं. दुसरी आली. इरा जिवाच्या आकांताने घंटा वाजवत होती.

"आजोबा, पांढरी! ती बघा ना, पांढरी घार!"

"कुठंय?"

"ही काय! डावीकडे!"

तुम्ही डोळे वळवले नाहीत, अख्खी मान वळवलीत. मग म्हणालात, "अरे. होती की."

इरा हसली. तिला वाटलं तुम्ही गंमत करताय. मी उठले, तुमच्या डाव्या कानाजवळ हात नेला आणि बोटं हलवली.

"नाना, समोर बघा. माझी किती बोटं दिसतात?"

"कुठली बोटं?"

कॅमेरा चालूच होता. तो व्हिडिओ चौदा मिनिटांचा आहे आणि माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. शेवटची तीन मिनिटं पडद्यावर बकरी नुसती उभी आहे.

वापीला स्कॅन झालं. मेंदूच्या मागच्या भागात, उजव्या बाजूला गाठ. डॉक्टरांनी समजावलं, की डोळ्यांत काही बिघाड नाही, डोळे बघतात, पण डावीकडचं मेंदूला कळत नाही, आणि कळत नाही हे पेशंटला स्वतःलाही कळत नाही. तुम्ही मन लावून ऐकलंत. बाहेर आल्यावर महेश भिंतीला टेकून उभा राहिला आणि तुम्ही त्याला पाणी प्यायला सांगितलंत.

मुंबईला ऑपरेशन झालं. निघेल तेवढी गाठ काढली. मी डॉक्टरांना एकटीने गाठून म्हटलं, आमच्या लक्षात महिनाभर आधी यायला हवं होतं, मला तर समोर दिसत होतं. ते चांगले होते. थांबून म्हणाले, "महिन्याने फार फरक पडला नसता." मी तो शब्द तिथून घेऊन आले. फार. भाजी चिरताना, वर्गात फळ्यासमोर, तुमच्या गोळ्या डबीत भरताना तो शब्द माझ्याबरोबर असायचा. फार म्हणजे किती? एक दिवाळी? इराचा एक वाढदिवस? विचारायला परत गेले नाही. उत्तर मिळालं असतं तर त्याचं काय करणार होते?

घरी आल्यावर तुम्ही सोफ्याच्या डाव्या टोकाला बसायला लागलात. तिथून सगळं घर उजवीकडे येतं म्हणून. कन्सोलला हात लावला नाहीत. चौथ्या की पाचव्या दिवशी मला हाक मारलीत.

"प्राजक्ता, तो माल पास होता."

"कुठला माल, नाना?"

"बकरीचा. माल पास होता. इन्स्पेक्टर रिजेक्ट झाला होता. छापून टाक."

तुम्ही हसत होतात. मी म्हटलं, "बरे व्हा, मग आपण दोघं मिळून व्हिडिओ करू."

"दोघं कशाला? चूक झाली की लगेच नोंद करायची असते. शिफ्ट बदलायच्या आत."

मी हो म्हटलं आणि केलं नाही. केलं असतं तर लोकांना कारण सांगावं लागलं असतं. लोकांना सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. मी कॉम्प्युटर उघडायचे, दोन ओळी लिहायचे आणि पुसायचे. तुम्ही बरे होणार आणि दोघं मिळून करणार, हे मी तुम्हाला एकदा सांगितलं आणि मग स्वतःला रोज सांगत राहिले.

दुसऱ्यांदा तुम्ही विचारलंत तेव्हा जीभ जड झाली होती. शब्द सापडायला वेळ लागायचा. मी तुमची नखं कापत होते. तुम्ही म्हणालात, "त्या पोरींनी... उगाच काम केलं. किनार. सांग त्यांना."

आणि मी चिडले. नाना, मी तुमच्यावर ओरडले. "तुम्हाला त्या कोण कुठल्या पोरींचं पडलंय? इथे आमचं काय चाललंय ते बघा ना!"

आई आतून आल्या आणि दारात थांबल्या. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. रागाने नाही. एखादा कोन हातात धरून बघावा तसं, शांतपणे. मग हात पुढे केलात, दुसऱ्या हाताची नखं राहिली होती म्हणून. मी ती कापली. माफी मागायची होती. वाटलं, उद्या मागू, आज मागितली तर रडू येईल आणि तुम्ही घाबराल. त्यानंतर तुम्ही नीट बोललात असे दिवस थोडेच आले, आणि त्यातल्या एकाही दिवशी मी मागितली नाही.

शेवटचे पंधरा दिवस आम्ही सगळे तुमच्याभोवती होतो आणि काहीच करत नव्हतो. महेश उशी सरळ करायचा, पाच मिनिटांनी पुन्हा सरळ करायचा. इराने विचारलं, आजोबांना किती जीव राहिलेत. महेशने पुन्हा उशी सरळ केली, ती गॅलरीत जाऊन बसली. तुम्ही गेलात तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. आई तुमचं तोंड पुसत होत्या. त्यांनी ओला टॉवेल पिळला, पुन्हा पुसलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

चॅनलवर लोक विचारतात, आजोबा कुठे आहेत, पुढचा शिक्का कधी. मी वाचते आणि बंद करते.

काल दुपारी मी शेवटी टेबलाशी बसले. तीन वाक्यं लिहिली. बकरीच्या गेमच्या परीक्षणात आम्ही डावीकडच्या घारीचा दोष दाखवला होता. तो दोष गेममध्ये नव्हता. कापलेले तारे परत देत आहोत. चौथं वाक्य तुमच्याबद्दल लिहायला हवं होतं, ते जमेना. एवढ्यात आई आल्या. त्या सहसा माझ्या टेबलाशी येत नाहीत. शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि विचारलं, "काय लिहितेस?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. मला घार दिसत होती हेही. आतापर्यंत हे मी महेशलाही सांगितलं नव्हतं. वाटलं, आता आई काहीतरी बोलतील आणि जे काय असेल ते एकदाचं होऊन जाईल.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "ते डाव्या बाजूची भाजी टाकून उठायचे."

"कधी?"

"तुमच्या त्या बकरीच्या आधीपासून. ताटात डाव्या हाताला वाढलेलं तसंच राहायचं. चटणी, कोशिंबीर. मला वाटलं, आवडत नाही आता. वय झालं, चव बदलते. मग एकदा भाकरी डावीकडे राहिली तर भाकरी कुठंय म्हणून विचारलं मला. मी ताट फिरवून दिलं. दुसऱ्या दिवसापासून मी सगळं उजवीकडेच वाढायला लागले." गुंडाळलेला पदर त्यांनी सोडवला. "कोणाला सांगितलं नाही. त्यांना लाज वाटेल म्हणून."

नाना, डॉक्टरांचं ते वाक्य माझ्याकडे होतं. मी त्यांना दिलं. म्हटलं, "आई, फार फरक पडला नसता म्हणाले." आईंनी मान हलवली. मी मान हलवली होती तशीच. माझ्या कामी न आलेली गोष्ट मी त्यांच्या हातात ठेवली होती, आणि दुसरं द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. आम्ही दोघी एकाच घरात, एकाच महिन्यात, एकाच माणसाकडे बघत होतो. त्यांनी ताट फिरवलं, मी तारे कापले. जेवताना एकदा जरी आम्ही एकमेकींशी बोललो असतो तर. हे वाक्य मी पुढे नेऊ शकत नाही. नेते तेव्हा ते दर वेळी वेगळ्या ठिकाणी जातं.

खाली इराची रिक्षा थांबल्याचा आवाज आला. आई उठल्या. दाराशी जाऊन वळल्या.

"प्राजक्ता, त्यांना कळलं असेल का गं, की आपल्या दोघींना दिसत होतं?"

मी म्हटलं, "नाही आई."

लगेच म्हटलं, अगदी ठाम. आई दार उघडायला गेल्या. मला माहीत नाही, नाना. ते तुम्हालाच माहीत.